पगारपत्रकावरचे नाव आणि कवितेखालचे नाव

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. विहाराच्या मागच्या खोलीत मुलांसाठी अभ्यासिका चालते. रविवारी सकाळी आम्ही तेथे पुस्तकांच्या नोंदी करावयास बसतो. बँकेतली सवय, दुसरे काय! त्या दिवशी एका तरुणाने मोबाईल आमच्यापुढे धरला आणि म्हणाला, "काका, हे वाचून पाहा." कविता होती. कापसाच्या गाडीवर निजून जिनिंगच्या दारात रात्र काढणाऱ्या बापाची. एकदोन ठिकाणी ओळ लंगडत होती, परंतु गाडीवरच्या थंडीचे वर्णन ज्याने ती थंडी खाल्ली त्यालाच जमेल असे होते. खाली नाव होते 'अनामिक मुसाफिर'. हा मुसाफिर कोण, असे आम्ही विचारले. तो ओशाळून हसला. "मीच. खरं नाव टाकलं तर हापिसातले वाचतात ना." हा मुलगा एका खाजगी कंपनीत हिशेबाचे काम करतो. थोडा वेळ गप्प राहून त्याने विचारले, "काका, कविता खरी लिहाची अन् खाली नाव खोटं टाकाचं, हे बराबर हाये काय?"

वीस वर्षे आम्ही कारकुनी करीत आहोत आणि त्याहून अधिक काळ कविता करीत आहोत. तरीही या प्रश्नाला आम्हांस लगेच उत्तर देता आले नाही. स्मरणिकेसाठी लेख द्या असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा हाच विषय घ्यावा असे ठरविले.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. नोकरी करणारा माणूस खरा कलावंत होऊ शकत नाही, कलावंताने कसे मुक्त असावे, असे पुष्कळांना वाटते. ही कल्पना बहुधा ज्यांच्या घरी दोन पिढ्यांचे धान्य भरलेले असते त्यांनी काढली असावी. आपल्या वऱ्हाडातच पाहा. मलकापूरला १८७२ साली जन्मलेले नारायण मुरलीधर गुप्ते यांनी वऱ्हाडातल्या सरकारी कचेऱ्यांत कारकुनी केली. दिवसा कागद चालवायचे आणि उरल्या वेळात कविता. 'चाफा' ही त्यांचीच कविता. त्यांचा 'फुलांची ओंजळ' हा संग्रह १९३४ साली निघाला, म्हणजे वयाच्या बासष्टाव्या वर्षी! त्यांनी नाव घेतले होते 'बी', आणि हा 'बी' कोण हे पुष्कळ वर्षे वाचकांना ठाऊकच नव्हते. नारायण सुर्वे मुंबईच्या शाळेत आधी शिपाई होते, मग शिक्षक झाले. 'ऐसा गा मी ब्रह्म' हा त्यांचा संग्रह १९६२ चा. 'सुरुंग' (१९७६) लिहिणारे त्र्यंबक सपकाळे रेल्वेत तिकिटे तपासत. आणि बँकेचेच म्हणाल तर इंग्रजी कवी एलियट १९१७ ते १९२५ अशी आठ वर्षे लंडनच्या लॉइड्स बँकेत होते. त्यांची जगभर गाजलेली 'द वेस्ट लँड' ही कविता १९२२ साली आली, ती याच नोकरीत असताना. आमच्या शाखेत ही माहिती आम्ही एकदा मोठ्या अभिमानाने सांगितली. कॅशियर म्हणाले, "त्यांच्याकडे मार्चएंडिंग नसेल."

तेव्हा नोकरी ही लेखणीची वैरीण नव्हे. नियमही समजतात तितके आडवे येत नाहीत. केंद्र सरकारचे १९६४ चे वर्तणूक नियम निव्वळ साहित्यिक, कलाविषयक अथवा शास्त्रीय स्वरूपाच्या लेखनाला पूर्वपरवानगी मागत नाहीत. सरकारी धोरणावर जाहीर टीका मात्र चालत नाही. बँकेतल्या कारकुनांना १९६६ च्या द्विपक्षीय करारापासून जी कलमे लागू होत आली, त्यांत बँकेच्या लेखी परवानगीशिवाय बाहेर व्यापारधंदा करणे हे गंभीर गैरवर्तन आहे. कवितेला धंदा म्हणण्याइतके मानधन आजवर आम्हांस कोणी दिलेले नाही, त्यामुळे ते कलम आमच्या वाटेला आले नाही. त्याच यादीत दुसरी एक बाब आहे, ती मात्र आली. तिच्याविषयी पुढे सांगू.

नोकरीत खरेपणाला बाध येतो तो अगदी बारीकसारीक जागी. साहेबांची बदली झाली की "तुम्ही कवी आहात, चार ओळी करा" असे फर्मान सुटते. ज्यांच्या नावाने साऱ्या शाखेने बोटे मोडली त्यांना आम्ही वटवृक्ष म्हटले आहे, दीपस्तंभ म्हटले आहे. अशा पंधरावीस निरोप-कविता आमच्या नावावर जमा आहेत. त्याचे आम्हांस फारसे वाईट वाटत नाही. लग्नातल्या मंगलाष्टकांप्रमाणे त्या कोणी मनावर घेत नाही. परंतु जेथे आमचे नावच विचारले गेले, तेथे आम्ही काय केले हे सांगणे अधिक कठीण आहे.

वऱ्हाडात आडनावाची एक गंमत आहे. इंगळे, वानखडे, तायडे ही आडनावे आपल्याकडेही आहेत आणि इतर समाजांतही आहेत. नुसत्या आडनावावरून विचारणाऱ्याचे समाधान होत नाही. म्हणून तो दुसरा प्रश्न टाकतो, "कोणते?" कोणते इंगळे, कोणते वानखडे? हा एक शब्द ज्याने ऐकला नाही असा आपल्यातला नोकरदार विरळा.

त्या शब्दाचा इतिहास मोठा आहे. १९१७ साली परमपूज्य बाबासाहेब परदेशातले शिक्षण घेऊन बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. अखेर पारशांच्या एका धर्मशाळेत पारशी नाव लावून ते राहिले. अकराव्या दिवशी हातांत काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. ज्यांच्या विद्वत्तेचा पुढे जगाने गौरव केला, ते त्या दिवशी रात्रीच्या मुंबईच्या गाडीची वाट पाहत सार्वजनिक बागेत बसून होते. हा प्रसंग आपल्याला कोठून कळला? बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला म्हणून. सुमारे अठरा वर्षांनी त्यांनी तो इंग्रजीत लिहिला, आपण पारशी नाव घेतले होते ही गोष्ट वगळली नाही, आणि आठवण येते तेव्हा डोळे भरून येतात हेही लपविले नाही. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या ग्रंथमालेच्या बाराव्या खंडात हे लेखन आहे. आपल्या अभ्यासिकेतल्या प्रत्येक नोकरीइच्छुकाने ते एकदा तरी वाचावे.

पुढे १९६३ साली बाबूराव बागुलांचा कथासंग्रह आला, 'जेव्हा मी जात चोरली होती'. बागुल स्वतः रेल्वेच्या नोकरीसाठी सुरतेला होते. जागेसाठी जात लपवून राहण्याचा जाच त्यांनी भोगला होता. शीर्षककथेतला नायक रेल्वेचाच कामगार आहे. तो जात सांगत नाही, म्हणून त्याला मान मिळतो, खोली मिळते. त्याच कारखान्यात काशिनाथ नावाचा आपला दुसरा माणूस आहे. तो काही लपवत नाही, म्हणून रोज भांडतो. शेवटी बिंग फुटते, नायकाला मार बसतो, आणि त्याला सोडवावयास काशिनाथच धावून येतो. शीर्षकातल्या 'चोरली' या क्रियापदाचा आम्हांस नेहमी विचार पडतो. लपविली असे बागुल म्हणू शकले असते. चोरली म्हणताना त्यांनी गुन्हा स्वतःच्या अंगावर घेतला, आणि जगाने त्याला चोर का व्हावयास लावले हा प्रश्न वाचकाच्या अंगावर टाकला.

बी.ए.ला मराठी वाङ्‌मय घेतले होते, तेव्हा ही कथा आम्ही वाचली. तिच्यावर वर्गात बोललो, टाळ्या मिळविल्या. त्यानंतर चारपाच वर्षांनी बँकेत लागलो आणि पहिली नेमणूक मिळाली ती विदर्भाबाहेरच्या एका तालुक्याच्या गावी. खोली पाहावयास गेलो. घरमालक म्हातारे, बोलावयास गोड. त्यांनी चहा दिला, नाव विचारले, आम्ही सांगितले. मग ते म्हणाले, "कोणते?"

आम्ही म्हणालो, "हिवरखेडचे."

एवढेच. खोटे एक अक्षर नव्हते. सातपुड्याच्या पायथ्याचे आमचे गाव, तेल्हारा तालुका, जिल्हा अकोला, सारे खरे. म्हाताऱ्यांना ते पुरले, किंवा त्यांनी पुरवून घेतले. आम्ही आठ महिने त्या खोलीत राहिलो. बाबासाहेबांची तसबीर ट्रंकेत कपड्यांखाली होती. १४ एप्रिल आली तेव्हा साप्ताहिक सुटीचे निमित्त करून आदल्या रात्रीच गावची गाडी धरली. त्या आठ महिन्यांत आम्ही बऱ्याच कविता केल्या, दोनतीन छापूनही आल्या. पाऊस, पक्षी, एकटेपण. परवा वही काढून पाहिली. पस्तीस कवितांत एकही अशी नाही की जी त्या खोलीत राहणाऱ्या माणसालाच लिहिता आली असती. तसबीर ट्रंकेत घातली, तिच्यासोबत कविताही ट्रंकेत गेली, हे तेव्हा समजले नाही.

बाबासाहेबांनी लिहिले, बागुलांनी लिहिले. आम्ही हे आज प्रथमच लिहीत आहोत. घरीही सांगितले नव्हते. नाव लपविण्याचे सर्व प्रकार एकसारखे नसतात, हे त्या मुसाफिराला सांगण्यासाठी ते येथे सांगावे लागले. गुप्ते 'बी' झाले ते संकोचामुळे असेल वा हौसेमुळे असेल. परंतु गुप्ते म्हटल्याने त्यांची खोली जाणार नव्हती. आपला मुलगा 'मुसाफिर' होतो तेव्हा त्याला कशाचे तरी भय असते. आणि हे भय खोटे आहे असे आम्ही कसे म्हणावे? आम्ही त्याच्यापुढे आठ महिने शरण गेलो होतो. त्या काळात खोली टिकवली याबद्दल आम्ही स्वतःला फाशी देत नाही. डोक्यावर छप्पर लागतेच. लिहितानाही तेच भय पाळले, हा हिशेब मात्र अजून चुकता झालेला नाही.

दया पवारांनी हा पेच फार उघडा करून दाखविला. 'बलुतं' १९७८ साली आले. त्यात दगडू मारुती पवार हा माणूस आपली कहाणी दया पवार या लेखकाला सांगतो. दोघे एकच. लेखक म्हणून नावारूपास आलेला, नोकरीतला, पांढरपेशा दया पवार. आणि महारवाड्यात व कावाखान्यात वाढलेला दगडू. पुष्कळ लोक सुधारले की दगडूला मागच्या दाराने घालवून देतात. पवारांनी त्याला समोर बसविले आणि बोलू दिले. त्या वेळी आपल्याच शिकलेल्या लोकांपैकी काहींना ते रुचले नाही. उकिरडा कशाला उकरता, असे विचारले गेले. म्हणजे भय केवळ परक्यांचे नसते, आपल्यांचेही असते. फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी तर 'जिणं आमुचं' हे पुस्तक लहानशा दुकानात बसून लिहिले, आणि ते लिखाण कित्येक वर्षे घरातल्यांपासूनच लपवून ठेवले. १९८६ साली ते पुस्तकरूपाने आले. आम्हांस केवळ कॅशियरच्या थट्टेला तोंड द्यावे लागते.

आता त्या दुसऱ्या कलमाकडे वळू. ग्राहकाची माहिती बाहेर फोडणे हेही बँकेत गंभीर गैरवर्तन आहे. हे वाचताना वाटते की ते शिलकीच्या आकड्यांपुरते असेल. परंतु काउंटरवर बसणाऱ्याला आकड्यापलीकडचेही दिसते. पीककर्जाच्या नूतनीकरणाला आलेल्या माणसाच्या हातातली पिशवी दिसते, निराधार योजनेचे पैसे आले काय म्हणून चौथ्यांदा विचारणारी बाई दिसते. लिहिणाऱ्याला ही खाणच वाटते. काही वर्षांपूर्वी एक म्हातारी पैसे काढावयास येत असे. जन्मभर कापूस वेचून आणि विटा उचलून तिच्या अंगठ्यावरच्या रेघा पुसल्या होत्या, त्यामुळे ते अंगठ्याचे यंत्र तिला ओळखीतच नसे. ती अंगठा पदराला पुसायची, पुन्हा लावायची. आम्ही त्यावर कविता लिहिली. तिचे नाव घातले नाही, पण तिच्या गावाचे घातले, पाठीवरचे गाठोडे घातले, बोलण्याची लकब घातली. तालुक्याच्या कविसंमेलनात वाचली. टाळ्या पडल्या, दोनतीन जणांनी डोळे पुसले.

खाली उतरलो तो एक पोरगा जवळ आला. अगदी हळू बोलला. "काका, कविता चांगली हाये. पण थे आमची आजी हाये ना? तिले इचारलं होतं काय तुमी?"

विचारले नव्हते. तिच्या अंगठ्यावरून आम्ही टाळ्या उचलल्या होत्या आणि तिला त्या दिवशीही पैसे मिळाले नव्हते. पुढच्या आठवड्यात ती आली तेव्हा आम्ही साहेबांना सांगून वेगळ्या पद्धतीने तिची ओळख पटवून घेतली, तिचे पैसे तिच्या हातात पडले. हे आधीच करता आले असते. मग तिला कवितेचे सांगितले. ती म्हणाली, "लिहा ना बापा, पण गाठोड्याचं नोका लिहू, त्याच्यात फाटकं लुगडं रायते." गाठोडे काढले, गावाचे नाव काढले. कविता थोडी उणी झाली असे एका जाणकार मित्राचे मत पडले. आम्ही ती तशीच ठेवली आहे. खरे लिहावे म्हणजे आपले खरे लिहावे. दुसऱ्याचे खरे लिहायचे तर तो त्याच्या घरात जाण्यासारखा प्रकार आहे, दारात विचारावे लागते.

मोबाईलविषयी थोडे लिहिणे भाग आहे, कारण आता कविता वहीत न राहता तिथेच राहते. तिथे दोन प्रकार चालतात. एक म्हणजे कवितेखालचे नाव वाटेत गळून पडते. आमच्या चार ओळी सहा महिन्यांनी दुसऱ्याच्या नावाने आमच्याकडेच परत आल्या, वर "अप्रतिम, नक्की वाचा" असे लिहिलेले! राग आला, मग हसू आले. दुसरा प्रकार जास्त वाईट. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला बाबासाहेबांच्या नावाने अशी वाक्ये फिरतात की जी त्यांनी कोठे म्हटली हे पाठविणाऱ्याला विचारले तर तो गप्प बसतो. बाबासाहेब तळटिपांसकट लिहिणारे लेखक. त्यांच्या तोंडी आपल्या मनातले घालणे ही कसली भक्ती? शासनाची ग्रंथमाला १९७९ पासून निघत आहे. तिचे संपादन ज्यांनी प्रदीर्घ काळ केले ते वसंत मून नागपूरचे, सरकारी नोकरीतलेच. कागद जपावा कसा हे नोकरीने शिकविले असेल तर ते त्यांनी कोठे लावले पाहा. अभ्यासिकेत काही खंड आहेत. वाक्य पुढे पाठविण्यापूर्वी तेथे येऊन शोधावे. रविवारी आम्ही असतोच.

अलीकडे तर फोनला सांगितले की तो स्वतःच कविता करून देतो. गेल्या निरोप समारंभाला आमच्या एका तरुण सहकाऱ्याने अशीच करवून आणली. वटवृक्ष होता, दीपस्तंभ होता, यमके आमच्यापेक्षा सरस! आम्हांस त्या कामातून सुटका मिळाली याचा आनंदच आहे. पण जिनिंगच्या दारातली थंडी त्याला कोणी सांगितल्याशिवाय ठाऊक नसणार.

भाषेचेही असेच. ऑफिसात आपण 'मला' म्हणतो, घरी 'मले'. उद्धव शेळक्यांनी १९६० साली 'धग'मधली माणसे वऱ्हाडीत बोलविली आणि ती कादंबरी साऱ्या महाराष्ट्राने वाचली. आमच्या मुसाफिराच्या कवितेत बाप प्रमाण मराठीत बोलत होता. आम्ही विचारले, तुझा बाप असा बोलतो का रे? तो म्हणाला, "नाई, पण लोकं हसतात." आम्ही काही बोललो नाही. ही स्मरणिका वाचणाऱ्यांपैकी कितीजण आपल्या मुलांशी वऱ्हाडी बोलतात, हा प्रश्न आम्ही स्वतःलाही विचारून पाहिला. उत्तर लिहिण्यासारखे नाही.

त्याच्या मूळ प्रश्नाला आम्ही महिन्याभराने उत्तर दिले. नाव आजच टाक असे सांगितले नाही. त्याची नोकरी कायम नाही, भाड्याची खोली आहे, बहिणीचे लग्न व्हायचे आहे. धैर्य दुसऱ्याच्या पगारातून करू नये. आम्ही त्याला एवढेच म्हटले की, तुला हवे तोवर मुसाफिर राहा, फक्त वहीत प्रत्येक कवितेखाली आपले पूर्ण नाव, बापाचे नाव, गाव आणि तारीख लिहीत जा. छापणाऱ्यासाठी नाही, स्वतःसाठी. आणि 'कोणते' म्हणून कोणी विचारले तर त्या दिवशी काय उत्तर दिलेस तेही त्याच वहीत लिही, खरे दिले असो वा चुकविले असो.

त्याने ऐकले की नाही कळले नव्हते. स्मरणिकेचे साहित्य गोळा करताना त्याची ती कापसाच्या गाडीची कविता संपादकांकडे आली. बाप आता वऱ्हाडीत बोलतो. खाली नाव त्याचे स्वतःचे आहे, बापाच्या नावासकट. हे त्याचे त्याने ठरविले, आमच्याशी बोललाही नाही.

त्या तालुक्याच्या गावचे आमचे घरमालक आता हयात नाहीत. त्यांच्या मुलाशी आमची अजून ओळख आहे, दिवाळीला फोन येतो. अंक छापून आला की एक प्रत त्यांना टपालाने पाठवावी असे मनात आहे. पत्ता पाठ आहे. गेल्या आठवड्यात लिफाफा आणून ठेवला.